अंडं हवंय की कोंबडी?

कोंबडी आजारी आहे हे आपल्याला कळतं, तेव्हा ती बऱ्याच दिवसांपासून आजारी असते. कळपात दुबळी दिसणारी कोंबडी आधी दाण्यावरून हाकलली जाते, मग टोचली जाते. रानात असती तर सगळ्यांत आधी तीच कुणाच्या तरी तोंडी गेली असती. त्यामुळे दुखणं लपवण्यात ही जात पटाईत. दाणे टाकले की दुखरी कोंबडीही इतरांबरोबर धावत येते, मान खाली घालते, चोच जमिनीला लावते आणि टिपल्याचं सोंग करते. पोटात काही जात नाही. म्हणून दाणे टाकल्यावर कोण धावतंय याला मी फारसा अर्थ देत नाही. रात्री सगळ्या दांडीवर बसल्या की एकेकीच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपते. दिवसभर नीट खाल्लेल्या कोंबडीची पिशवी रात्री भरलेली असते आणि सकाळी रिकामी. रात्रीच रिकामी लागली, तर दुसऱ्या दिवशी ती कोंबडी हातात घेऊन बघायची.

माझ्याकडच्या कोंबड्या थोड्या आहेत आणि म्हाताऱ्या आहेत. अंड्यांसाठी आणल्या होत्या, अंडी आटल्यावरही राहिल्या. मोठ्या पोल्ट्रीत अंड्यावरची कोंबडी दीड-दोन वर्षांची झाली की काढून टाकतात. घरात ठेवलेली पाच-सहा वर्षं सहज जगते, कधी त्याहून जास्त. या वाढीव वर्षांत जी दुखणी वर येतात ती पोल्ट्रीवाल्याला बघावीच लागत नाहीत, कारण तोवर कोंबडी उरलेली नसते. माझ्याकडच्या ज्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक अंडाशयाच्या नाहीतर अंडनलिकेच्या दुखण्याने गेल्या. त्यामुळे या एका अवयवाबद्दल मी नको तितकं वाचलंय, आणि ओळखीच्या पशुवैद्य बाईंना नको तितकं विचारलंय.

कोंबडीच्या पोटात अंडाशय एकच, डाव्या बाजूचा. उजवा गर्भात तयार होतो, पण पुढे वाढत नाही. या डाव्या अंडाशयावर लहानमोठे पिवळे बलक लागलेले असतात. त्यातला सर्वांत मोठा पिकला की सुटतो, आणि इथेच पहिली गंमत आहे: अंडाशय आणि अंडनलिका एकमेकांना जोडलेल्या नसतात. नलिकेचं नरसाळ्यासारखं तोंड पुढे येऊन सुटलेला बलक गिळतं. पाव तासात तो पुढे सरकतो, मग सुमारे तीन तास त्याच्याभोवती पांढरं साठत जातं, तासाभरापेक्षा थोड्या जास्त वेळात पातळ पापुद्रे चढतात आणि उरलेले वीसेक तास अंडं शेवटच्या पिशवीत थांबून कवच चढवून घेतं. सगळं मिळून २४ ते २६ तास. अंडं घातलं की साधारण अर्ध्या तासात पुढचा बलक सुटतो. म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीच्या त्या नळीला सुट्टी अशी नसतेच. चालू असलेली ही नळी ताणून मोजली तर ६५ सेंटीमीटरच्या आसपास भरते. एवढ्याशा पोटात ती वेटोळी घालून बसलेली असते, आतडी, गिझार्ड (दाणे दळणारं पोट) आणि हवेच्या पिशव्यांच्या शेजारी.

आपल्या कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. त्याची मादी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, त्यांवर बसते, पिल्लं काढते, आणि उरलेलं वर्षभर तिची नळी आक्रसून बारीक होऊन पडलेली असते. आजची संकरित जात वर्षाला ३०० च्या वर अंडी देते. खुडूक बसण्याची, म्हणजे अंडी थांबवून उबवत बसण्याची, सवय निवडपैदाशीत जवळजवळ पुसून टाकलेली, कारण खुडूक कोंबडी म्हणजे बंद पडलेलं उत्पन्न. मला हा हिशेब पुढच्या सगळ्या गोष्टींची किल्ली वाटतो. यातली बरीच दुखणी बाहेरून येत नाहीत. जे शरीर आपण घडवलं, त्याच्या रोजच्या कामातूनच ती निघतात. डॉक्टरीणबाईंनी हे मला पहिल्याच खेपेला एका वाक्यात सांगितलं होतं. मी तांबडीला टोपलीत घालून नेलं होतं, आणि तिला तपासता तपासता त्या म्हणाल्या, "अहो, आधी एक ठरवा. तुम्हाला अंडं हवंय की कोंबडी हवीय? दोन्ही म्हणालात तर माझ्याकडे औषध नाही."

तांबडीचं लक्षण पाठ्यपुस्तकातलं होतं. शेपटी पडलेली, पोट खाली आलेलं, अंग उभं धरून ती पेंग्विनसारखी चालत होती. अशी कोंबडी दिसली की शंभरातले नव्वद जण म्हणतात, "अंडं अडलंय." मग कोमट पाण्याचा टब येतो, तेल येतं, कुणी पोट चोळायला लागतं. या समजुतीशी माझं जुनं भांडण आहे. खरोखर अंडं अडलं असेल, तर तो एक-दोन दिवसांतला मामला असतो. कोंबडी काल बरी होती आणि आज जोर लावतेय, वारंवार अंड्याच्या पेटीत जाऊन बसतेय, शेपटी वरखाली हलवतेय, धापा टाकतेय. यात वेळेवर काही झालं नाही तर ती मरते. तीन आठवडे हळूहळू वाळत गेलेली, पोट मात्र वाढत गेलेली कोंबडी अडलेली नसते. तिचं दुखणं दुसरंच काही असतं, आणि तिला रोज टबात बसवल्याने ती फक्त ओली होते, गारठते आणि तुमच्यावर रागावते.

अंडं अडलंय की नाही हे बघण्याचा साधा मार्ग म्हणजे बोट. हातमोजा घालून, भरपूर वंगण लावून, गुदद्वारातून हलक्या हाताने बोट आत घालायचं. अडलेलं अंडं बहुधा पहिल्या दीड-दोन इंचांतच लागतं. बाहेरूनही, छातीच्या हाडाचं टोक आणि मागची दोन टोकदार हाडं यांच्या मधल्या मऊ जागेवर बोटं ठेवली की कडक गोळा कळतो. दाबायचं नाही, नुसतं चाचपायचं. आत अंडं फुटलं तर कवचाचे तुकडे नळीला कापतात आणि बलक नको तिथे जातो. मऊ कवचाचं किंवा बिनकवचाचं अंडं हाताला नीट कळत नाही, एक्स-रेमध्येही नीट दिसत नाही. तिथे सोनोग्राफीच लागते.

याच जागी हात ठेवून इतरही बरंच कळतं. मागच्या त्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं मावली, द्वार ओलसर आणि सैल असलं, तर कोंबडी सध्या अंड्यावर आहे. हाडं जवळ आली, द्वार कोरडं आणि आवळलेलं असलं, तर अंडी बंद आहेत. पोट भरलेल्या फुग्यासारखं ताणलेलं आणि टिचकी मारली की लाट जाणवणारं असेल, तर आत पाणी आहे. कणकेसारखा जड गोळा लागला तर नळीत काहीतरी साचलंय. नुसतीच मऊ जाडी असेल तर ती चरबी, तिचा त्रास वेगळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे छातीचं हाड. पोट मोठं पण छातीचं हाड सुरीसारखं वर आलेलं, दोन्ही बाजूंचं मांस गेलेलं, असा मेळ दिसला तर दुखणं जुनं आहे हे धरून चालायचं. वजनकाट्यावर अशी कोंबडी पूर्वीइतकीच भरते, कारण गेलेल्या मांसाच्या जागी पाणी आलेलं असतं. नुसत्या आकड्यावर विसंबू नये ते यासाठी.

खरंच अडलेल्या कोंबडीला काय करायचं? आधी तिला बाजूला काढून उबदार, दमट, अंधाऱ्या, शांत जागी ठेवायचं. पाणी पाजायचं. आणि कॅल्शियम. अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि कोंबडीच्या सबंध शरीरात सुमारे २०. म्हणजे दर अंड्याला ती स्वतःतला दहावा हिस्सा बाहेर टाकते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत भरून काढते. कवच मुख्यतः रात्री चढतं, तेव्हा खाणं बंद असतं. त्या वेळी पोटात उरलेला शिंपल्याचा जाड चुरा उपयोगी पडतो, आणि तो संपला की पायांच्या पोकळ हाडांत साठवलेलं कॅल्शियम वापरलं जातं. चुरा संध्याकाळी द्यावा असं जुने लोक सांगतात त्यामागचं कारण हे. रक्तातलं कॅल्शियम घटलं की कवच पातळ होतं, पण तेवढंच नाही. नळीचे स्नायूही कॅल्शियमवरच आवळतात. ते आवळले नाहीत तर तयार अंडं आतच राहतं. म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा सुरुवात कॅल्शियमच्या इंजेक्शनने करतात, आणि कित्येकदा तेवढ्याने काम होतं. कडक उन्हाळ्यात हा त्रास वाढतो. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग गार करते. धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड जातो, कवचासाठी लागणारं बायकार्बोनेट कमी पडतं आणि अंडी पातळ कवचाची होतात.

तोंडातून एरंडेल पाजणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की ते अंडनलिकेत जाणार कुठून? तोंडातून गेलेलं तेल आतड्यात जातं आणि विष्ठेतून बाहेर येतं. शिवाय ते चुकून श्वासनलिकेत गेलं तर अडलेल्या कोंबडीचं न्यूमोनिया झालेल्या कोंबडीत रूपांतर होतं.

कळा आणणारं ऑक्सिटोसिन देतात, पण तो मुळात सस्तन प्राण्यांचा संप्रेरक. पक्ष्यांचं काम आर्जिनिन व्हॅसोटोसिनवर चालतं. ऑक्सिटोसिनने नळी आवळली आणि खालचं तोंड उघडलंच नाही, किंवा अंडं नळीला चिकटलेलं असलं, तर नळी फाटू शकते. म्हणून आमच्या डॉक्टरीणबाई आधी तोंड सैल करणारं प्रोस्टाग्लँडिनचं जेल आत लावतात. त्यानेही जमलं नाही तर अंड्यात जाड सुई घालून आतला ऐवज ओढून घेतात, मग मोकळं झालेलं कवच मिटतं आणि तुकडे एक-दोन दिवसांत बाहेर पडतात. हे घरी करायचं काम नव्हे. मी बघितलंय, म्हणून सांगते.

अंग बाहेर येणं हे अडण्याचं भावंड. दर अंड्याच्या वेळी नळीचं शेवटचं टोक उलटून बाहेर येतं, म्हणजे अंड्याला विष्ठेचा स्पर्श होत नाही, आणि लगेच परत आत जातं. ही सोय सुंदर आहे, पण तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, वयाआधीच अंड्यावर आणली, कोंबडी फार लठ्ठ झाली, किंवा अंडं फार मोठं आलं, की टोक आत जात नाही. लाल, ओलं मांस बाहेर दिसलं की इतर कोंबड्या त्यावर तुटून पडतात आणि थोड्या वेळात आतडीसुद्धा ओढून काढतात. म्हणून पहिलं काम कोंबडी वेगळी करणं, बाकी सगळं नंतर. सलाइनने धुवायचं, सूज फार असेल तर साखरेचं घट्ट पाणी लावायचं म्हणजे साखर सुजेतलं पाणी ओढून घेते, मग वंगण लावून हलकेच आत ढकलायचं. लोक इथे थांबतात. पण पुढचं अंडं वाटेवर असतं, आणि उद्या तेच सगळं पुन्हा बाहेर ढकलणार असतं. टाका घालून अंग राहत नाही, अंडं थांबवून राहतं. त्यासाठी तिला अंधारात ठेवावं लागतं. त्याकडे मी येतेच.

तांबडीचं अंडं अडलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि नळी भरलेली निघाली. काही दिवसांनी पेटीत एक विचित्र गोळा सापडला: बाहेरून सुरकुतलेला, पिवळट, दाबल्यावर रबरासारखा, कापल्यावर आत थरावर थर. उकडलेलं अंडं कुणी विसरून गेलंय असं वाटावं. तो पू होता. माणसाच्या जखमेतला पू वाहतो, कारण आपल्या पांढऱ्या पेशींतली विकरं पेशी विरघळवतात. कोंबडीच्या त्याच कामाच्या पेशींना हेटेरोफिल म्हणतात आणि त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज हे विकर नसतं. म्हणून तिचा पू वाहत नाही, घट्ट होऊन साचतो. ही एक गोष्ट कळली की कोंबडीच्या संसर्गावर निव्वळ गोळ्या का चालत नाहीत ते कळतं. अँटिबायोटिक रक्तातून येतं, आणि त्या घट्ट गोळ्याच्या आत रक्त जातच नाही. गोळा बाहेर पडला तर अर्धी लढाई जिंकली. आतच राहिला तर औषधाने ताप उतरतो, कोंबडी चार दाणे खाते, आपण खूश होतो, आणि कोर्स संपला की पुन्हा पहिल्यासारखं.

हा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलायचा असतो. विष्ठेतला तोच जंतू खालच्या तोंडातून वर चढतो. कधी फुप्फुसाच्या, हवेच्या पिशव्यांच्या आजारातून उतरतो. खालून चढणाऱ्याला दार उघडं मिळतं ते रोजच्या अंड्यामुळेच. दर दिवशी एकदा उघडणारं तोंड, त्याच्याच शेजारून विष्ठा.

अँटिबायोटिकबद्दल माझं मत थोडं कडक आहे. आमच्याकडे एक पुडी असते ती पाण्यात घालून सगळ्या कोंबड्यांना पाजायची, या सल्ल्याला मी बळी पडत नाही. नमुना घेऊन जंतू वाढवून बघावा, कोणतं औषध लागू पडतं ते बघावं, आणि एकाच कोंबडीला पूर्ण दिवस द्यावं. दुसरं असं की औषध अंड्यात उतरतं. बलक सुटण्याआधी कित्येक दिवस अंडाशयावर वाढत असतो, त्यामुळे शेवटचा डोस दिल्यावरही बराच काळ औषधाचा अंश बलकात येत राहतो. तोवर ती अंडी कुणी खायची नाहीत, शेजाऱ्यांना वाटायची तर मुळीच नाहीत. एन्रोफ्लोक्सासिन हे पक्ष्यांच्या दवाखान्यातलं लाडकं औषध अमेरिकेने २००५ साली कोंबड्यांसाठी बंद केलं, कारण कोंबड्यांमधून त्याला न जुमानणारे जंतू माणसांपर्यंत पोचत होते. आजारी कोंबडी पाळीव म्हणून कितीही लाडकी असो, कायद्याच्या नजरेत ती अन्न देणारं जनावर आहे. या दोन ओळखींत डॉक्टरही अडकतात.

दुसरी कोंबडी होती भुरी. तिचं पोट फुगलं, पण टणक गोळा नव्हता, पाणी होतं. अशा कोंबडीला कधीही उताणी करू नये. पक्ष्यांना आपल्यासारखा छाती-पोटाच्या मधला पडदा नसतो. फुप्फुसं छोटी आणि जवळजवळ जागची न हलणारी, श्वासाचं काम पोटापर्यंत पसरलेल्या हवेच्या पिशव्या करतात. पाण्याने त्या आधीच दाबलेल्या असतात. उताणी केली की उरल्यासुरल्या जागेवरही पाणी येतं आणि कोंबडी हातातच जाऊ शकते. डॉक्टरीणबाईंनी तिला उभीच धरायला लावलं, सोनोग्राफीत मोकळी जागा बघून सुई घातली आणि थोडं थोडं करून पाणी काढलं. सगळं एकदम काढलं तर रक्तदाब कोसळतो.

त्या पाण्याचा रंग मी आधी बघितला. गढूळ, पिवळं, त्यात बलकाचे कण असते तर अर्थ एक: नरसाळ्याने बलक पकडला नाही, तो पोटात पडला. एखाददुसरा असा चुकला तर शरीर तो शोषून घेतं, काही बिघडत नाही. तो जंतुविरहित असतो, त्रास असला तर दाहाचा. मात्र रोज एक चुकत गेला, किंवा त्याबरोबर ई. कोलाय पोचला, तर पोटभर सूज येते आणि आतडी एकमेकांना चिकटतात. भुरीचं पाणी मात्र फिकट आणि स्वच्छ होतं. मला आनंद झाला. डॉक्टरीणबाईंना नाही झाला. त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, आणि निदान निघालं अंडाशयाचा कर्करोग, पोटाच्या अस्तरावर पसरलेला.

कोंबडी हा अंडाशयाचा कर्करोग आपणहून होणाऱ्या मोजक्या प्राण्यांपैकी एक आहे, आणि म्हणूनच माणसाच्या त्या कर्करोगाचा अभ्यास करणारे कोंबड्या पाळतात. १९७१ साली महमूद फथल्ला या इजिप्शियन डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटी टिपणी लिहिली. त्यांचा तर्क असा, की दर वेळी बीज सुटताना अंडाशयाचा पृष्ठभाग फाटतो आणि भरून येतो, आणि ही फाटाफूट अखंड चालू राहिली की त्यात कधीतरी पेशींचा हिशेब चुकतो. गर्भारपण, अंगावर पाजणं, गर्भनिरोधक गोळ्या, ज्या ज्या गोष्टींनी बीज सुटणं थांबतं त्यांनी स्त्रियांमध्ये या कर्करोगाचा धोका कमी होतो. कोंबडीच्या बाबतीत तर हा तर्क जणू तिच्यासाठीच मांडला होता. दोन-तीन वर्षांत ती स्त्रीच्या अख्ख्या आयुष्याहून जास्त वेळा बीज सोडते. प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध देऊन कोंबड्यांची अंडी कमी केली तेव्हा कर्करोगही कमी आढळला, असे प्रयोगही झालेत. स्त्रियांच्या बाबतीत आता संशोधक बीजवाहिनीकडेही बोट दाखवतात, चित्र पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. पण भुरीचं पाणी त्या काचपट्टीवर बघताना मला तो १९७१ चा तर्क पुरेसा वाटला.

तिचं पाणी पुन्हा भरत राहिलं. काढलं की ती दोन-चार दिवस मोकळी व्हायची, धुळीत लोळायची, मग पुन्हा पेंग्विन. हे अंतर कमी कमी होत गेलं, आणि ज्या खेपेला काढल्यावरही ती धुळीत गेली नाही, त्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंना तिला झोपवायला सांगितलं. औषध देऊन बेशुद्ध करून, मग. यापेक्षा चांगलं तिच्यासाठी काही उरलं नव्हतं.

शस्त्रक्रिया होते का? होते. नळी काढून टाकता येते. अंडाशय मात्र काढता येत नाही असंच म्हणायला हवं. तो पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना इतका लगटून बसलेला असतो की प्रौढ कोंबडीत त्याला हात लावणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. म्हणजे नळी काढली तरी बलक सुटू शकतो आणि आता त्याला पकडणारं कुणी नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही प्रश्न तोच: बलक सुटणं थांबवायचं कसं?

थांबवण्याचे दोन रस्ते आहेत. एक उजेडाचा. पक्षी दिवसाची लांबी डोळ्यांनीच ओळखत नाहीत, कवटीतून आत झिरपणारा उजेड थेट मेंदूतल्या पेशींना कळतो. १४-१६ तास उजेड मिळाला की अंड्याचा हंगाम, आठ तासांवर आणला की शरीर हळूहळू गाडं थांबवतं. हिवाळ्यात खुराड्यात दिवा लावून अंडी चालू ठेवणारे नेमकी हीच सुट्टी हिरावून घेतात. माझ्या खुराड्यात दिवा नाही, आणि आता कधी येणारही नाही. दुखऱ्या कोंबडीला मात्र दिवसातले सोळा तास अंधारात ठेवणं ही तिला शिक्षाच असते, काही दिवसांपुरतं ठीक.

दुसरा रस्ता डेस्लोरेलिनचा. तांदळाच्या दाण्याएवढी गोळी, मुळात कुत्र्यांसाठी तयार झालेली, कातडीखाली बसवतात. मेंदूखालच्या ग्रंथीला ती सतत एकच हाक देत राहते. सुरुवातीला शरीर उलट जोरात प्रतिसाद देतं, मग त्या हाकेला बहिरं होतं आणि अंडाशय थंडावतो. तुरा फिकट पडतो, आकसतो, बहुतेक वेळा पिसं झडून नवी येतात. परिणाम काही महिने टिकतो, मग पुन्हा बसवावी लागते. कोंबडीसाठी हे औषध रीतसर मंजूर नसतं, डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात, आणि अशा कोंबडीचं अंडं पुढे खायचं नसतं. कर्करोग याने बरा होत नाही. पण नळीची सूज, पोटात पडणारे बलक, पुन्हा पुन्हा बाहेर येणारं अंग, यांत ते वेळ मिळवून देतं. स्वस्त नाही. ज्या कोंबडीने अंडं द्यायचंच नाही तिच्यावर हा खर्च करायचा, हे ऐकून माझ्याच घरातल्यांनी मला वेड्यात काढलं होतं, आणि त्यांचा मुद्दा अगदीच फोल नव्हता. तांबडीला मी ती बसवली. गोळा पडून गेला होता, औषधाचा कोर्स संपला होता, आणि नळीला काही महिने सक्तीची सुट्टी मिळाली. ती आजही आहे. तिचा तुरा पुन्हा लालबुंद व्हायला लागला की इतरांच्या दृष्टीने ती ठणठणीत झालेली असते. मी मात्र डॉक्टरीणबाईंची वेळ घेते, कारण लाल तुरा म्हणजे गोळीचा असर ओसरतोय आणि अंडं येऊ घातलंय.

राहिला प्रश्न मेलेल्या कोंबडीचा. तिला लगेच पुरून टाकण्याची घाई असते, पण एक मेल्यावर उरलेल्यांसाठी सर्वांत जास्त माहिती तिच्याच पोटात असते. कर्करोग निघाला तर बाकीच्यांना काही द्यायची गरज नाही. ई. कोलायने भरलेलं पोट निघालं तर खुराड्यातला ओला भुसा, पाण्याची भांडी, पेट्या बघायच्या. नळीच्या जागी पाण्याने भरलेली पिशवी निघाली, तर पिल्लू असताना तिला संसर्गजन्य ब्राँकायटिस होऊन गेला असण्याची शक्यता असते. तो विषाणू पहिल्या दोन आठवड्यांत कोवळी नळी कायमची खराब करतो. पुढे अशी तलंग दिसायला धडधाकट, तुरा लाल, पेटीत जाऊन बसते, आणि आयुष्यात एकही अंडं देत नाही. नवी पिल्लं कुठून आणायची याचा निर्णय अशा एका अहवालावर फिरतो. दोन-चार कोंबड्या एकदम मेल्या असतील तर मात्र स्वतः काही उघडायचं नाही. तिथे बर्ड फ्लूची शंका धरून सरकारी पशुवैद्यकांना कळवायचं. एकच गेली असेल तर तिला पिशवीत घालून गार ठेवायचं, गोठवायचं नाही. बर्फाने पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याला काही दिसत नाही. भुरी त्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात होती, भाज्यांच्या शेजारी, दोन पिशव्यांत गुंडाळलेली, वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी. अहवालात डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलेलंच निघालं, आणि खाली एक ओळ जास्तीची होती: उजव्या नळीच्या अवशेषात छोटी पाण्याची गाठ, त्रासदायक नाही. उरलेल्या कोंबड्यांना औषध देऊ नये, असंही लिहिलं होतं. दिलं नाही.